पावणेअकराची बस

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अनिरुद्ध आईला घेऊन पालमपूरच्या बाजारात गेला. तूप आणायचं होतं, रेवड्या आणायच्या होत्या. तो आणि त्याची बायको गरिमा चेन्नईहून येऊन चार दिवस झाले होते आणि ज्या कामासाठी आले होते तो विषय घरात अजून निघाला नव्हता. तिकडच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी रंगवून घेतली होती. कमोडशेजारी धरायला दांडा बसवला होता. फक्त आईला, तृप्ताला, विचारायचं राहिलं होतं.

खरं तर तृप्तापेक्षा त्याला धास्ती होती ती बहिणीची. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या, बाऊजींच्या, तेराव्याला वंदनाने सगळ्या नातेवाइकांदेखत त्याला सुनावलं होतं की अम्मा या घरातून हलणार नाही आणि तिला हलवायची घाई कुणी करू नये. तेव्हापासून दोघं राखीला आणि दिवाळीला तेवढे फोनवर बोलत. आज दुपारी ती हमीरपूरहून येणार होती. सणाचा दिवस आहे, खिचडी खाताना माणसं जरा मऊ असतात, असा त्याचा हिशेब होता.

बस स्टँडच्या कोपऱ्यावर एका कंडक्टरने तृप्ताला पाहिलं आणि तो रस्ता ओलांडून आला.

"अम्मा, सुट्टीवर आहात की काय?" असं म्हणून त्याने कोटाच्या खिशातून गडद हिरव्या लोकरीचा एक लहानसा गुंडा काढला. "सीटखाली गेला होता. चार दिवस खिशात घेऊन फिरतोय."

तृप्ताने गुंडा घेतला, उलटसुलट पाहिला, पिशवीत टाकला आणि मुलं घरी आली आहेत एवढंच सांगून ती पुढे चालू लागली. अनिरुद्ध मागे थांबला. त्याने विचारलं तेव्हा कंडक्टर म्हणाला की अम्मा रोज असतात, पावणेअकराच्या बैजनाथ गाडीला, रविवार सोडून. अनिरुद्धला बरं वाटलं. बैजनाथला महादेवाचं मंदिर आहे. आईने या वयात देवाचा आधार घेतला तर चांगलंच आहे, असं त्याच्या मनात आलं आणि तो तसं बोललाही.

"मंदिरात कुठल्या जातायत," कंडक्टर म्हणाला. "उतरतच नाहीत. गाडी वळली की त्याच सीटवर बसून परत." मग अनिरुद्धचा चेहरा पाहून तो जरा चपापला आणि गाडीची वेळ झाल्याचं सांगून गेला.

अनिरुद्धने मान वळवून पाहिलं. आई मिठाईच्या दुकानापुढच्या गर्दीत उभी होती. तिच्यापुढे एक अनोळखी बाई होती आणि तृप्ता किंचित वाकून तिच्या पाठीकडे टक लावून बघत होती. तिचे ओठ हलत होते.

*

घरी आल्यावर त्याने हे गरिमाला स्वयंपाकघरात सांगितलं, दार लोटून घेऊन. त्याच्या ऑफिसातल्या एकाची आई अशीच रोज घराबाहेर पडायची. आधी कुणाला काही वाटलं नाही. मग एक दिवस ती दुसऱ्याच गावात सापडली आणि तिला स्वतःचं नाव सांगता येईना. आता विचारायचं वगैरे काही नाही, अनिरुद्ध म्हणाला, सरळ घेऊनच जायचं, तिथे चांगले डॉक्टर आहेत.

गरिमा उडीद निवडत होती. तिने मान डोलावली, पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी ती अंबाल्याहून या घरात सून म्हणून आली, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात सासूने तिच्यासाठी तीन स्वेटर विणले होते. तिसऱ्याच्या बाह्यांवर मोर होते. तेव्हा गच्चीवर दुपारी पाच-सहा बायका उन्हाला पाठ करून बसत आणि सगळ्यांचे हात चालू असत. तोंडं तर त्याहून जोरात. नव्या सुनेला त्यांनी सुया हातात देऊन पाहिल्या आणि तिने वीस टाक्यांचे सतरा केले तेव्हा पोट धरधरून हसल्या. पुढे चेन्नईला बदली झाली तरी दर दिवाळीनंतर पार्सल येतच राहिलं. अनिरुद्धचं, तिचं, त्यांच्या मुलीचं, इशिताचं. चेन्नईत पंखा डिसेंबरातही बंद होत नाही. पार्सलं डांबरगोळ्या घालून पलंगाखालच्या बॅगेत जात. बॅग भरली तेव्हा गरिमाने फोनवर साधेपणाने सांगितलं होतं की मम्मीजी, आता नका विणू, इथे लागत नाहीत. पलीकडून "बरं" असं उत्तर आलं आणि मग दोघी लोणच्याबद्दल बोलल्या.

त्याला आठ वर्षं झाली. त्यानंतर एकही पार्सल आलं नव्हतं आणि ते आलं नाही हे गरिमाला आज उडीद निवडताना पहिल्यांदा जाणवलं.

*

वंदना तीनच्या सुमारास आली. ती हमीरपूरच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि घरातही तिचं बोलणं फळ्यासमोर उभं राहून बोलावं तसं असायचं. भावाशी ती जेवढ्यास तेवढं बोलली. मग हात-पाय धुवायला मागच्या न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

न्हाणीतल्या दांडीवर गडद हिरव्या लोकरीच्या लडी वाळत होत्या. वंदनाला विणकाम येत होतं. लग्नाआधी आईच्या बरोबरीने विणायची ती. तिने लडी हातात घेतली आणि तिला कळलं की ही नवी लोकर नाही. विणून उसवलेली लोकर कुरळी होते. ती पुन्हा सरळ व्हावी म्हणून धुऊन, खाली वजन लावून टांगावी लागते. ही तशीच टांगली होती, खाली पाण्याने भरलेली तांब्या-लोटी बांधून. पण नुसती एकदा उसवलेली लोकरही इतकी खराब होत नाही. हिच्यावर लव आली होती, मधूनमधून ती दोऱ्याइतकी बारीक झाली होती आणि ठिकठिकाणी गाठी मारलेल्या होत्या.

तिने आईची ट्रंक उघडली. जुने नमुने होते, सुया होत्या, इशिताच्या लहानपणीचा एक मोजा होता. पूर्ण झालेला असा एकही स्वेटर नव्हता. मग तिने शेजारच्या मोलकरणीला बोलावून विचारलं. मोलकरीण म्हणाली की अम्मा महिन्या-दीड महिन्यात एक स्वेटर संपवतात, अगदी गळ्यापर्यंत. मग एक दिवस व्हरांड्यात बसून सगळा उसवतात. बाऊजी गेले तेव्हापासून ही एकच हिरवी लोकर चालू आहे.

वंदना बाहेर आली आणि अनिरुद्धच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. दोन वर्षांत ती त्याच्या इतक्या जवळ बसली नव्हती.

"अनू, तिला घेऊन जा," ती म्हणाली. "माझं चुकलं. तिचं डोकं ठिकाणावर नाही."

तिने लोकरीचं सांगितलं, त्याने बसचं सांगितलं. दोघांच्या गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या तेव्हा त्या जास्तच भयंकर दिसू लागल्या. संध्याकाळपर्यंत बहीण-भाऊ एका बाजूला झाले होते. कुठल्या डॉक्टरला दाखवायचं, घराची किल्ली कुणाकडे ठेवायची, सगळं ठरलं. वंदना मध्येच हसलीदेखील. चहा देताना गरिमाने ते ऐकलं आणि तिला वाटलं की इतक्या वर्षांनी ही दोघं एकत्र आली, तीही यासाठी.

*

संक्रांतीची खिचडी त्यांनी सकाळी गच्चीवरच खाल्ली. समोर धौलाधारच्या डोंगरांवर नवा बर्फ होता आणि ऊन चांगलं पडलं होतं. तृप्ताने सगळ्यांच्या ताटात तुपाची वाटी उपडी केली आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

अनिरुद्धने बोलायला सुरुवात केली. तो चांगलं बोलला. खोलीबद्दल बोलला, समुद्राबद्दल बोलला, इशिता हॉस्टेलवरून सुट्टीत येईल तेव्हा आजी घरी असेल हे बोलला. मग डॉक्टरचं निघालं. तृप्ताने डॉक्टर कशासाठी असं विचारलं, तेव्हा तो अडखळला आणि वंदनाने ते वाक्य पूर्ण केलं.

"अम्मा, तू बसमध्ये बसून जातेस आणि न उतरता परत येतेस. पूर्ण झालेला स्वेटर उसवतेस. तुला कळतंय का तू काय करतेस ते?"

तृप्ताने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ती रागावली नव्हती.

"कळतंय की," ती म्हणाली. "उसवला नाही तर ठेवू कुठे? ट्रंक एकच आहे."

"मग विणतेसच कशाला?"

तृप्ताने ताटातली उरलेली चार शितं गोळा केली, खाल्ली, हात धुतला. मग घड्याळ बघून ती उठली. चार दिवस गेले नाही, आज जाऊन येते, दीडपर्यंत परत येईन, असं तिने सांगितलं आणि खाली जाऊन पिशवी घेतली. वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. अनिरुद्ध जिन्याकडे निघाला, पण त्याच्याआधी गरिमा उठली होती. हात तुपाचे होते ते तिने ओढणीलाच पुसले.

"मी जाते त्यांच्याबरोबर," ती म्हणाली.

*

तृप्ताची जागा दाराच्या मागची दुसरी, खिडकीची. कंडक्टरने पिशवी वर ठेवायला हात पुढे केला नाही, कारण ती मांडीवरच लागते हे त्याला माहीत होतं. बस हलायच्या आत सुया बाहेर आल्या होत्या. गरिमा शेजारी बसली. चहाचे मळे मागे पडले, मध्येमध्ये वळण आलं की तृप्ता कोपर तेवढं आत घ्यायची, पण हात थांबत नव्हते आणि नजर हातांकडे नव्हतीच. ती समोर बघत होती.

समोरच्या सीटवर एका तरुण बाईची पाठ होती. करड्या रंगाच्या स्वेटरवर उभ्या वेली चढत गेल्या होत्या.

"घरी विणलाय," तृप्ता सुनेच्या कानाशी पुटपुटली. "मशीनची वेल अशी झुकत नाही. आठ ओळींनी वळवलीय बघ. नाही, दहा."

मग तिने सरळ त्या बाईच्या खांद्यावर टकटक केलं आणि विचारलं. बाई मागे वळली, खूश झाली. स्वेटर तिच्या मावशीने विणला होता. आठ की दहा ते तिला माहीत नव्हतं. तिने पाठ नीट दिसावी म्हणून शालदेखील काढून घेतली आणि तृप्ताने तिच्या पाठीवर बोट ठेवून ओळी मोजल्या. दहाच निघाल्या. वाटेत चढलेल्या दोन कॉलेजच्या मुली उभ्याच होत्या. त्यांतली एक म्हणाली, दादीजी, तुम्ही सांगितलं तसा गळा पाडला, पण एक बाजू वर जातेय. तिने बॅगेतून अर्धवट विणलेलं काहीतरी काढलं. तृप्ताने ते घेतलं, चूक शोधली, चार ओळी उसवल्या आणि पाच मैलांत पुन्हा विणून दिल्या. मुलीने विचारलं, चार दिवस कुठे होता? तृप्ता म्हणाली, मुलं आली आहेत ना. हे सांगताना तिने गरिमाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

गरिमाने गेल्या चार दिवसांत सासूला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. चार दिवसांत कशाला, दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. फोनवर ती जेवलात का विचारायची, हवा कशी आहे विचारायची आणि मग ठेवते म्हणायची.

बैजनाथला गाडी रिकामी झाली. सगळ्या पाठी उतरून आपापल्या वाटेला लागल्या. ड्रायव्हर चहाला गेला. मंदिराचा कळस खिडकीतून दिसत होता. वीस मिनिटं त्या दोघीच होत्या बसमध्ये. तृप्ताचे हात मात्र चालू.

गरिमाने विचारलं की पाय मोकळे करायलासुद्धा का उतरत नाही.

"उतरले की जागा जाते," तृप्ता म्हणाली. "परतीला शाळा सुटलेल्या असतात."

मग थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितलं. गच्चीवरची स्वर्णा मुलाकडे लुधियान्याला गेली. ब्राह्मी वारली. कमलेशच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशननंतर मुलीने तिला सुया दिल्याच नाहीत. बाऊजी होते तोवर ते पेपर वाचत शेजारी बसायचे. त्यांना विणकामातलं काही कळत नव्हतं, पण मध्येमध्ये पेपर खाली करून केवढं झालं असं विचारायचे. ते गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ती महिनाभर एकटीच गच्चीवर बसली. "माणूस विणतं ना, ते समोर कुणाला तरी बघून विणतं," ती म्हणाली. "गच्चीवरून नुसता डोंगर दिसतो."

"आणि हा कुणासाठी आहे?" गरिमाने तिच्या हातातल्या हिरव्या तुकड्याकडे पाहून विचारलं.

"कुणासाठी असा नाही. अंदाजाने घालते टाके. माप कुणाचं आहे माझ्याकडे? इशूचं शेवटचं आहे ते अकराव्या वर्षाचं. आता ती एकोणीसची." तृप्ताने ओळ संपवली आणि सुया बदलल्या. "कुणाच्याच मापाचा नसला की उसवायला काही वाटत नाही."

गरिमाला तो फोन आठवत होता. तो आपण केला होता, असं ती म्हणाली. नका विणू असं आपणच सांगितलं होतं.

"खोटं कुठे सांगितलंस," तृप्ता म्हणाली. "गरम होतंच तिथे. वंदनाची मुलंही नको म्हणाली होती, त्याच वर्षी. त्यांना टोपीवाले हवे होते, बाजारातले." ती हे अगदी सहज बोलली. मग ड्रायव्हर चढला आणि गाडी वळली.

*

दीडला घरी आल्यावर गरिमाने नवऱ्याला आणि नणंदेला सांगितलं की मम्मीजींना काही झालेलं नाही आणि त्यांना इतक्यात चेन्नईला न्यावं असं तिला वाटत नाही. अनिरुद्धला आधी ती थट्टा वाटली. खोलीचा रंग तिनेच निवडला होता. वंदनाला मात्र ती थट्टा वाटली नाही.

"म्हणजे तुला जबाबदारी नको आहे," ती म्हणाली. "तसं सरळ सांग, भाभी. बसचं निमित्त कशाला?"

गरिमा म्हणाली की जबाबदारी घ्यायला ती आजही तयार आहे. पण तिथे नेऊन त्यांना गॅलरीत बसवून ठेवायचं आणि आपण दोघांनी सकाळी आठला बाहेर पडायचं, याला जबाबदारी घेणं म्हणत असतील तर तिला माहीत नाही. इथे त्यांना दिवसातून तीन तास तरी माणसं भेटतात.

"बसमधली," वंदना म्हणाली.

"हो, बसमधली. दीदी, तुम्ही हमीरपूरहून शेवटच्या कधी आला होता?"

हमीरपूर अडीच तासांवर आहे. वंदना राखीला आली नव्हती, दसऱ्यालाही आली नव्हती. खरं तर अनिरुद्ध तिला बोलू शकला असता, पण तो स्वतः दोन वर्षांनी आला होता. तृप्ता शेजारच्या खोलीत होती आणि दार उघडंच होतं. शेवटी तीच उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की मला कुणी ठेवून घ्यायचं नाही आणि कुणी न्यायचंही नाही. हात चालतात तोवर इथेच राहते. थांबले की सांगेन, तेव्हा ज्याला यायचं असेल त्याने यावं.

वंदना संध्याकाळच्या गाडीने परत गेली. दोन दिवस राहणार होती. जाताना ती आईच्या पाया पडली, भावाशी बोलली नाही आणि गरिमाकडे तिने पाहिलं नाही. एका दिवसात जुळलेलं पुन्हा तुटलं होतं. या वेळी दोष कुणाला द्यावा हे अनिरुद्धला ठरवता येईना. रात्री गरिमाने त्याला बसमधलं सगळं सांगितलं. इशिताच्या मापापर्यंत आली तेव्हा तो म्हणाला, झोप आता.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची टॅक्सी आली. गरिमाने डबा घेतला, लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळली, सासूच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली. ड्रायव्हरला काही घाई नव्हती, विमान दुपारचं होतं. अनिरुद्ध बॅगा ठेवून परत अंगणात आला. आई पायरीवर उभी होती. तो वाकला, तिने डोक्यावर हात ठेवला. एवढं झालं की माणूस निघतो. तोही वळला.

मग तो थांबला. आईकडे पाठ करूनच तो म्हणाला, "अम्मा, माप घे."

"कशाचं?"

"माझं. स्वेटरचं."

तिथे कुठे घालणार आहेस, असं तिने विचारलं. डिसेंबरात येईन तेव्हा इथे घालीन, तो म्हणाला. येशील ना याबद्दल तिने काही विचारलं नाही. घरात मोजपट्टी होती, पण ती आणायलाही तिने पाऊल उचललं नाही. चार पायऱ्या उतरून ती त्याच्या मागे आली, कोट काढ म्हणाली, आणि त्याच्या शर्टावर आपला पंजा पसरला.

एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत ती विती टाकत गेली. एक, दोन, मग चार बोटं. तिचा तळवा ऊबदार होता आणि बोटांची टोकं खरखरीत होती. अनिरुद्ध शेहेचाळीस वर्षांचा होता. पाया पडताना डोक्यावर टेकतो तेवढा हात सोडला तर आईने त्याला शेवटचा हात कधी लावला होता हे त्याला आठवेना. बाऊजी गेले तेव्हाही दोघं दोन बाजूंना उभी होती. मानेपासून कमरेपर्यंत ती पुन्हा विती टाकत खाली आली. मध्ये थांबून तिने पाठीचा मधला भाग चाचपला.

"वाकायला लागलास," ती म्हणाली. "पाठ पुढच्यापेक्षा दोन बोटं लांब घालावी लागेल."

तो सरळ उभा राहायला गेला तर तिने दटावलं. आहेस तसाच राहा, नाहीतर माप खोटं येईल.

गाडीच्या काचेतून गरिमा बघत होती. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं आणि मग तोही बघू लागला. तृप्ताचा हात थांबला तेव्हा अनिरुद्धने कोटासाठी हात पुढे केला.

"झालं?" त्याने विचारलं.

"नाही," आई मागून म्हणाली. "चुकलं माझं. परत मोजते."

आणि तिने पुन्हा डाव्या खांद्यापासून सुरुवात केली.